माणदेशातील नदीकाठचे पक्षिनिरीक्षण

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात माणगंगा आणि येरळा या नद्यांच्या काठचा काटेरी झाडोरा, कोरडी पात्रे व त्यांना जोडून असलेले तलाव येथील पक्ष्यांचे निरीक्षण. या नद्या वर्षातला बराच काळ कोरड्या असतात. तरीही उघड्या माळावर सावली, ओल आणि घरट्याला आसरा सलगपणे मिळतो तो नदीकाठीच. म्हणून आटलेल्या नदीलाही पाखरे सोडत नाहीत.

भूप्रदेश : हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात तो सुमारे ५०० मिमी. असतो. माणगंगा महादेव डोंगररांगेत उगम पावते आणि माण, आटपाडी व सांगोला तालुके ओलांडून सरकोली येथे भीमेला मिळते. खटाव तालुक्यातून वाहणारी येरळा ब्रह्मनाळला कृष्णेत जाते. उन्हाळ्यात पात्र कोरडे दिसले तरी वाळूखाली पाणी राहते. गावकरी आणि मेंढपाळ वाळूत झिरे खणून ते काढतात. काठची मोठी झाडेही त्याच ओलीवर तगतात.

झाडोरा : बाभूळ, हिवर, बोर, लिंब, करंज, चिंच व शिंदी ही काठावरची प्रमुख झाडे. उतारावर तरवड आणि नेपतीची झुडपे असतात. बाहेरून आलेल्या वेड्या बाभळीने अनेक ठिकाणी पात्रापर्यंत गर्दी केली असून तिच्या दाटीत देशी रोपांना वाव मिळत नाही.

पक्षी : झाडोऱ्यात सातभाई, होला, तांबट, हुदहुद, कोतवाल, खाटीक व पिंगळा बारमाही आढळतात. जूनच्या सुमारास येणारा चातक सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो. पावशाही तेच करतो. पावसाळ्यात सुगरणींची घरटी पाण्यावर किंवा विहिरीवर झुकलेल्या काटेरी फांद्यांना लोंबतात. वेडा राघू आणि खंड्या दरडीच्या मातीत बिळे कोरतात, तर टिटवी उघड्या गोट्यांत अंडी घालते. माळावरच्या पखुर्ड्या सकाळी ठरलेल्या पाणवठ्यावर थव्याने उतरतात. नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून घेतो आणि दूरवरच्या पिलांना ती ओल पाजतो. कोरड्या मुलखातले एखादे डबके किती पिलांचा आधार असते, हे त्यावरून कळते.

हिवाळ्यात भोरड्यांचे थवे शाळूच्या रानावर उतरतात आणि राखणदाराच्या हाती गोफण येते. याच भोरड्या टोळ व नाकतोडेही मोठ्या प्रमाणात खातात. संध्याकाळी थवे काठच्या बाभळींवर मुक्कामाला येतात.

तलाव : मायणीचा ब्रिटिशकालीन तलाव, येरळेवरील येरळवाडीचा जलाशय आणि माणगंगेवरील राजेवाडीचा तलाव ही पाणपक्ष्यांची मुख्य ठिकाणे. हिवाळ्यात येथे चक्रवाक व स्थलांतरित बदके येतात, शेकाटे आणि चित्रबलाक उथळ पाण्यात चरतात. येरळवाडी व मायणी परिसर रोहित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. तलाव काठोकाठ भरला की उथळ चिखल बुडतो आणि रोहितांची संख्या घटते. साफ आटला तरी तेच होते. त्यामुळे एखाद्या वर्षी ते दिसले नाहीत, तर आधी पाण्याची पातळी पाहावी.

निरीक्षणाची पद्धत : पाणपक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी फेब्रुवारी ते सप्टेंबर हा काळ योग्य. उजाडताच काठावर पोहोचावे, सूर्य पाठीशी ठेवावा आणि पाणवठ्यापासून दूर, झाडाआड बसावे. वाळूत चालताना टिटवीची अंडी पायाखाली येणार नाहीत याची काळजी घ्यावी. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर लगेच मागे फिरावे. मेंढपाळांशी जरूर बोलावे. कोणत्या झिऱ्यावर कोणते पाखरू केव्हा उतरते, हे त्यांना रोजच्या वावरातून ठाऊक असते.

धोके व संरक्षण : वाळूउपशाने पात्रातील ओल खोल जाते, दरडी ढासळतात आणि बिळांची जागा नाहीशी होते. टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांत पोहोचले. शेतकऱ्याला त्याची फार गरज होती. मात्र माळ नांगरला गेला की पखुर्डी, धाविक आणि चंडोल यांची जागा कमी होते. मायणी परिसराला २०२१ मध्ये, तर आटपाडी येथील वनक्षेत्राला २०२३ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. या संरक्षणाला नदीकाठची जोड हवी. तलाव आणि माळ राखले, पण त्यांना सांधणारी बाभूळ-हिवराची रांग तुटली, तर पाखरांची वाटच तुटेल. म्हणूनच हिवाळी पाहुण्यांच्या नोंदींइतकीच एप्रिल-मेमधील कोरड्या पात्राची नोंदही महत्त्वाची आहे. आटलेली नदी कोणाकोणाला जगवते, याचा पुरावा त्या नोंदीतूनच मिळतो.