पाळणा आणि पाटी

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी स्त्रीशिक्षणावर काही लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. स्त्रीशिक्षण म्हटले की फुले दांपत्याची पुण्यातील १८४८ सालची शाळा आपणा सर्वांना आठवते. शाळा कशा निघाल्या हे आपण अभिमानाने सांगतो. पण निघालेल्या शाळेत मुले रोज का येत नाहीत, या प्रश्नालाही इतिहास आहे. तोच आज थोडक्यात सांगते.

पहिला उपाय सक्तीचा. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. पुढल्याच वर्षी विठ्ठलभाई पटेल यांच्या खटपटीने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांनाही सक्तीचा अधिकार मिळाला. सक्तीने नाव पटावर चढते. मूल वर्गात बसेलच असे नाही.

दुसरा मार्ग दोन स्त्रियांनी दाखविला, आणि तोही आपल्याच ठाणे जिल्ह्यात. (पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ साली.) १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले. दलित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तेथली. १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेमुळे तो शब्द देशभर पोहोचला.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे मुलगे गुरांमागे जात आणि मुली धाकटे भावंड काखेला मारून घरी राहत. या बायांनी मुलांना आळशी म्हटले नाही. गुरे चरत तेथेच शिक्षक पाठवून त्यांनी कुरणशाळा भरविली. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली वर्गात. या योजनेचे नाव विकासवाडी.

भगिनींनो, आपल्या भाईंदरला ही गोष्ट परकी नाही. मिठागरांचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो तो पुढल्या पावसापर्यंत. उत्तनच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत पडतात तेही उघाडीच्याच दिवसांत. म्हणजे शाळेचे महिने तेच कामाचे महिने. आई कामावर गेली की घर आणि तान्हे थोरलीच्या हाती. माझी आई दुसरीपर्यंतच शिकली. कारण विचारले तर म्हणे, “माझ्या पाठची चार होती ना!” याहून अधिक कारण सांगावे असे तिला कधी वाटले नाही.

पुढे सरकारने पुष्कळ केले. दुर्बल घटकांतील मुलींना १९९२ पासून हजेरीच्या दर दिवसाला एक रुपया भत्ता ठरला. १९९५ साली शालेय पोषण आहार आला. २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. हे सारे योग्यच झाले. परंतु एका रुपयाने तान्हे राखले जात नाही. आज मिठागरांच्या शेजारी उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्या इमारतींत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईची थोरली मुलगी अजून कित्येकदा घरी थांबते.

तेव्हा आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईबरोबर शाळेच्या वेळी तिची मुलगी दिसली, तर “आज शाळा नाही का गं?” एवढे विचारून थांबू नये. घरी धाकटे कोण सांभाळते, हेही विचारावे. मंडळाची खोली सकाळी अकरापर्यंत बंदच असते. तेथे पाळीपाळीने आपण पाळणाघर चालवावे, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. ज्यांना आठवड्यातून एक सकाळ देता येईल, त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. पहिले नाव माझे लिहून घ्यावे.