सर्वनाम (इंग्रजी)

नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम. इंग्रजीत ‘आय’, ‘यू’, ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘वुई’ आणि ‘दे’ ही सात पुरुषवाचक सर्वनामे आहेत. दर्शक (‘धिस’, ‘दॅट’), प्रश्नार्थक (‘हू’, ‘व्हॉट’), संबंधी, आत्मवाचक (‘मायसेल्फ’) आणि अनिश्चित (‘समवन’, ‘नोबडी’) हे इतर प्रमुख प्रकार.

इंग्रजी नामांचे विभक्तिप्रत्यय काळाच्या ओघात झडले. ‘डॉग’ कर्ता असो वा कर्म, रूप एकच. सर्वनामांनी मात्र जुना भेद जपला आहे. कर्त्यासाठी ‘ही’, कर्मासाठी ‘हिम’. तसेच ‘शी’ आणि ‘हर’, ‘दे’ आणि ‘देम’. शब्दयोगी अव्ययाबरोबरही कर्माचेच रूप येते. ‘बिट्वीन यू अँड आय’ हे जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही तोंडी ऐकू येते. प्रमाण लेखनात मात्र तेथे ‘आय’ऐवजी ‘मी’ (me) हे कर्मरूप लागते.

सर्वनामे एका भाषेतून दुसरीत सहसा जात नाहीत. इंग्रजीत ते घडले. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्कँडिनेव्हियन लोक वस्ती करून राहिले आणि त्यांच्या नॉर्स भाषेतून ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ इंग्रजीत आले. ही रूपे उत्तरेकडून हळूहळू दक्षिणेकडे सरकली. चौदाव्या शतकात लंडनचा कवी चॉसर ‘दे’ लिहितो, पण ‘देम’च्या जागी अजून जुने ‘हेम’च वापरतो.

‘यू’ मुळात अनेकवचनी कर्मरूप होते. एकवचनी ‘तू’साठी ‘दाउ’ होते. तेराव्या शतकापासून, फ्रेंच रीतीच्या प्रभावाने, एकाच मोठ्या माणसालाही अनेकवचनाने संबोधण्याची पद्धत रुजली. आदराचे हे रूप पुढे सर्वांसाठीच वापरले जाऊ लागले आणि सतराव्या शतकात ‘दाउ’ नेहमीच्या प्रमाण बोलण्यातून मागे पडले. त्याच शतकात क्वेकर पंथीयांनी, सगळी माणसे समान म्हणून, लहानथोर न पाहता प्रत्येकाला ‘दाउ’ म्हणण्याचा आग्रह धरला. आज ‘यू’मध्ये ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ हे तिन्ही सामावतात. आदर दाखवायचा तो ‘सर’, ‘मॅडम’ अशा शब्दांनी.

व्यक्ती स्त्री की पुरुष हे ठाऊक नसेल तेव्हा एकवचनी ‘दे’ वापरण्याची रीतही चौदाव्या शतकापासूनची आहे. अठराव्या शतकापासून व्याकरणकारांनी तेथे ‘ही’चा पुरस्कार केला, तरी बोलण्यातले ‘दे’ हटले नाही. स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्या व्यक्तींसाठीही ते आता रूढ होत आहे. मेरियम-वेब्स्टर कोशाने 2019 साली ‘दे’ला वर्षाचा शब्द म्हणून निवडले.

मराठी माणसाला इंग्रजी शिकताना काही भेद सोडावे लागतात. खुर्ची ‘ती’ आणि पंखा ‘तो’ असला, तरी इंग्रजीत दोन्ही ‘इट’च. वडिलांसाठीचे आदरार्थी ‘ते’ इंग्रजीत ‘ही’ होते. ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ या दोहोंसाठी ‘वुई’ एवढेच आहे. ‘रामने आपले पुस्तक उचलले’ आणि ‘रामने त्याचे पुस्तक उचलले’ यांतला फरकही इंग्रजीत ‘हिज’ या एका शब्दापाशी पुसला जातो. अर्थ नेमका हवा असेल, तर तेथे स्वतःच्या पुस्तकासाठी ‘हिज ओन’ लिहावे आणि दुसऱ्याचे असेल, तर त्याचे नाव घ्यावे.