नापासाची चिठ्ठी कोण वाचणार?

जून २०२१ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांत एक बदल केला. पीयूसी प्रमाणपत्राचा नमुना देशभर एकसारखा करताना त्यासोबत एक नवा कागद आणला गेला. तपासणीत धूर मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर केंद्राने वाहनमालकाला नापासाची चिठ्ठी द्यायची. ती घेऊन मालकाने दुरुस्तीला जावे, किंवा केंद्राच्या यंत्राबद्दल शंका असेल तर दुसऱ्या केंद्रावर फेरतपासणी करून घ्यावी, अशी ही योजना. बातमी चार ओळींत आटोपली. आपल्या धूर-नियमांच्या इतिहासात मात्र या चिठ्ठीला वेगळे महत्त्व आहे. नापास झालेली गाडी पुढे कोणाच्या तरी हातात जाणार आहे, हे नियमाने प्रथमच कागदावर मान्य केले. तो हात गॅरेजवाल्याचा आहे, आणि त्या हाताला काय शिकवले गेले याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यायचा आहे.

हा मागोवा वसईतून घेण्याला कारण आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग हा तालुका उभा चिरून जातो. सातिवली, वालीव, गोखिवरे या पट्ट्यात कारखाने आणि गाळे वाढले, आणि त्यांच्या मालाची ने-आण करणारे ट्रक-टेम्पो दुरुस्त करणारी गॅरेजेही महामार्गाच्या कडेने वाढली. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी तालुका ठाण्यातून पालघर जिल्ह्यात आला. पाट्यांवरच्या एमएच-०४ च्या सोबतीला एमएच-४८ दिसू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीमुळे इथल्या माणसाला विहीर, झाड आणि बागायत यांच्या नाशाची जाणीव लवकर झाली. धूर मात्र विहिरीसारखा एका जागी सापडत नाही. तो गाडीबरोबर फिरतो, म्हणून त्याला आवरायचे तर गाडीपासूनच सुरुवात करावी लागते.

आपल्याकडे या प्रयत्नाची कायदेशीर सुरुवात १९८९ ची. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याखालच्या केंद्रीय नियमावलीतील नियम ११५ ने धुराच्या मर्यादा घातल्या. गाडी जागेवर चालू ठेवायची आणि सायलेन्सरमधून निघणाऱ्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड मोजायचा. चारचाकीला ३ टक्के, दुचाकी-तीनचाकीला साडेचार टक्के. डिझेल गाडीचा धूर किती काळा, हे वेगळ्या यंत्राने पाहायचे.

त्या काळचे इंजिन आणि त्या काळचा कारागीर एकमेकांना ओळखून होते. कार्बोरेटरवर मिक्स्चरचा एक स्क्रू असे. तो पाव फेरा फिरवला की पेट्रोल-हवेचे प्रमाण बदले. प्लग काढून टोकाचा रंग पाहायचा : काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरका असेल तर कमी, कॉफीसारखा असेल तर बरोबर. डिझेलच्या गाडीला पंप-नोझलवाला असे. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखाली आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवला जाई आणि गॅरेजमध्ये उस्तादाच्या हाताखाली पोऱ्या तेच पान्हे देता-देता शिके. आयटीआयच्या मुलाला आकृती काढता येई, पोऱ्याला आवाजावरून दोष कळे. दोघे शिकत होते ते इंजिन मात्र एकच होते, आणि धुराचा नियमही त्या एका स्क्रूच्या आवाक्यातला होता. गैरप्रकारही तिथलाच : पीयूसीपुरते मिक्स्चर पातळ करायचे आणि केंद्राबाहेर आले की पुन्हा पूर्ववत.

पुढच्या पंचवीस वर्षांत हे सगळे बदलले. एप्रिल १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल आले. २००० मध्ये देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल गेले. भारत स्टेजची मानके आधी महानगरांत आणि मग उर्वरित देशात अशी पसरत गेली. स्टेज-४ चे मानक २०१० मध्ये निवडक शहरांत आणि एप्रिल २०१७ मध्ये देशभर लागू झाले. एप्रिल २०२० मध्ये मधली पाचवी पायरी वगळून आपण थेट स्टेज-६ वर गेलो. इंधनातल्या गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आली. न्यायालयेही मागे राहिली नाहीत. मुंबईत ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’च्या याचिकेवर उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १० ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विमा नूतनीकरण करू नये असे सांगितले, आणि २०२४ मध्ये ती अट मागे घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने दंड १० हजार रुपयांपर्यंत नेला.

या सगळ्या घडामोडींचा रोख एकतर कारखान्याकडे होता, नाहीतर प्रमाणपत्राकडे. दोहोंच्या मध्ये, गाडी विकली गेल्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ती ज्याच्या दारात उभी राहते, त्या कारागिराचा स्क्रू मात्र याच काळात नाहीसा झाला. इंधन आता इंजेक्टर सोडतो, किती सोडायचे ते संगणक ठरवतो, आणि संगणकाला माहिती देतो धुराच्या वाटेवर बसवलेला ऑक्सिजन सेन्सर. २०१० पासून टप्प्याटप्प्याने आलेली ओबीडी ही गाडीची स्वतःवर नजर ठेवणारी व्यवस्था दोष दिसला की डॅशबोर्डवर दिवा लावते आणि सांकेतिक क्रमांक नोंदवते.

इथे एक गैरसमज रुजला. स्कॅनर लावला की दोष कळतो, असे गिऱ्हाइकाला वाटते आणि कधीकधी मेकॅनिकलाही. उदाहरणार्थ, पी-०४२० हा क्रमांक सांगतो की कन्व्हर्टर अपेक्षेइतके काम करत नाही. पण का करत नाही, ते तो सांगत नाही. गाडी बरेच दिवस मिसिंग मारत असेल, तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि त्याला आतून वितळवते. सायलेन्सरच्या जोडाला गळती असेल, तर चांगला कन्व्हर्टरही नापास दिसू शकतो. मूळ दोष कॉइलचा, आणि बदलला कन्व्हर्टर : गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात आणि थोड्या महिन्यांत तोच दिवा पुन्हा लागतो. मग शेवटचा ‘इलाज’ सुचवला जातो, आतली जाळी फोडून सायलेन्सर मोकळा करण्याचा.

नापासाची चिठ्ठी नीट वाचता आली, तर हे टळते. स्टेज-४ आणि पुढच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन दहा लाखांत २०० भाग एवढीच मुभा आहे. मोनॉक्साइड जास्त आणि ऑक्सिजन कमी असेल, तर इंजिनाला इंधन जास्त मिळते आहे : एअर फिल्टर, गळका इंजेक्टर किंवा इंजिन अजून थंडच आहे असे सांगणारा तापमान सेन्सर तपासावा. हायड्रोकार्बन भरमसाट पण मोनॉक्साइड बेताचा असेल, तर ठिणगी चुकते आहे : प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन पाहावे. २५०० फेऱ्यांवर लॅम्डा १ च्या आसपास, ०.०३ च्या फरकात हवा. तो खूप वर गेला, तर आधी सायलेन्सरला भोक आहे का ते बघावे. आणि कन्व्हर्टरला काम सुरू करायला सुमारे २५० ते ३०० अंश तापमान लागते, म्हणून घराजवळच्या केंद्रावर थंड गाडी नेली तर निर्दोष गाडीही नापास होऊ शकते. डिझेलच्या स्टेज-६ गाडीत काजळीचा फिल्टर आहे. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी सलग वेगाचा प्रवास लागतो. घर ते स्टेशन एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीत तो तुंबतो. तो फिल्टर सदोष नसतो, गाडीला लांबची फेरी हवी असते.

हे ज्ञान गूढ नाही, ते शिकवता येते. आधी मोजायचे, मग तर्क लावायचा, मग पान्हा हातात घ्यायचा, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजायचे. कॅलिफोर्नियात १९८४ पासून स्मॉग-तपासणी आहे. आज तिथे तपासणाऱ्याचा परवाना वेगळा आणि दुरुस्त करणाऱ्याचा वेगळा. आपल्याकडे आयटीआयच्या अभ्यासक्रमात स्कॅनर आणि वायुविश्लेषक आले आहेत, वाहन कंपन्या आपल्या डीलरांच्या मेकॅनिकना नियमित शिकवतात. पण नवी गाडी हमीच्या काळात डीलरकडे जाते. हमी संपली की ती फाट्यावरच्या गॅरेजमध्ये येते, आणि धूर वाढतो तो नेमका तेव्हापासून. म्हणजे प्रशिक्षण जिथे पोचले आहे तिथे गाड्या नव्या आहेत, आणि जिथे गाड्या जुन्या आहेत तिथे ते सर्वांत कमी पोचते. धूर-नियंत्रणाच्या आपल्या इतिहासातली ही सर्वांत मोठी फट आहे.

ती बुजवण्याची साधने हाताशी आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची तरतूद आहे. वीस वर्षे गॅरेज चालवणाऱ्याला पुन्हा बाकावर बसवायची गरज नाही. त्याचा कान आणि हात तयार आहेत, त्याला वाचायला शिकवायचे आहे ते आकडे. संध्याकाळी रिकाम्या राहणाऱ्या आयटीआयच्या कार्यशाळा आणि वायुविश्लेषक असलेली पीयूसी केंद्रे यांना जोडून महिन्यातून चार वर्ग घेता येतील. नापासाची चिठ्ठी हेच त्या वर्गाचे पाठ्यपुस्तक.

प्रश्न हवेचा आहे, तसाच पोटाचाही आहे. स्क्रूच्या जमान्यातला मेकॅनिक संगणकाच्या जमान्यात मागे राहिला, तर त्याच्याकडे तेल बदलणे आणि पंक्चर काढणे एवढेच उरेल, आणि त्याच्या दारातली जुनी गाडी धूर सोडतच राहील. २०२१ च्या नियमाने चिठ्ठी लिहायची सोय केली. आता ती ज्याच्या हातात पडते, त्याला वाचायला शिकवण्याची सोय व्हायला हवी.