सहा महिन्यांची आजी

आजचा भाग आजींवर. अमेरिकेत लेकीकडे, मुलाकडे जाऊन सहा महिने राहून येणाऱ्या आजींवर. ‘सहाच महिने का गं?’ असं माझ्या भाचीने विचारलं आणि मी तिथल्या कायद्यांत शिरले.

सुरुवात १९४६ पासून करू. त्या वर्षीच्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत स्थायिक व्हायला कोटा मिळाला, तो वर्षाला १०० माणसांचा. शंभर! आपल्याकडे लग्नात एका पंगतीला याहून जास्त पानं मांडतात. मग ३ ऑक्टोबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली, देशांवर बेतलेले जुने कोटे गेले आणि आपले डॉक्टर, इंजिनिअर निघाले.

सगळी तरुण मंडळी. लग्नं झाली, दिवस गेले, आणि प्रश्न आला बाळंतपणाचा. आपली रीत काय, तर पहिल्या खेपेला लेक माहेरी येते. इथे माहेरच विमानात बसून लेकीकडे जायला लागलं. एअर इंडियाचं न्यूयॉर्कचं विमान १९६० पासून होतं, पण ते तिकीट मध्यमवर्गाच्या आवाक्यात यायला बराच काळ गेला. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान शिकागोत डेव्हन अव्हेन्यूवर निघालं ते १९७४ साली. तोवर, आणि खरं तर नंतरही, डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशोपा हे सगळं आजीच्या बॅगेतून.

आता ते सहा महिने. व्हिसा देतो वकिलातीतला अधिकारी. पण किती दिवस राहायचं, ते ठरतं तिकडे विमानतळावर उतरल्यावर. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला साधारण सहा महिनेच. दुसरीकडे, तिथे बाळंतपणाच्या पगारी रजेचा देशभर लागू असा कायदाच नाही. १९९३ च्या कायद्याने मिळाली ती १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही सगळ्यांना नाही. म्हणजे बाळ तीन महिन्यांचं होतं आणि आई कामावर. मग घराघरांत हिशोब बसला: आधी आईची आई सहा महिने, ती निघाली की बाबांची आई सहा महिने. बाळाचं वर्ष पार! दोन विहिणी कधी कधी विमानतळावरच भेटायच्या, एक येताना, एक जाताना.

माझी आजी १९९४ साली सांगलीहून न्यू जर्सीला मावशीकडे गेली. सरकारदरबारी ती पर्यटक. सहा महिन्यांत नायगारा एक दिवस पाहिला; बाकीचे दिवस तेल लावणं, न्हाऊ घालणं, दूध, पोळ्या. गाडी येत नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाण्याकडे जायलासुद्धा जावयाची सुट्टी लागायची. स्थलांतराच्या इतिहासात जाणाऱ्या इंजिनिअरांची मोजदाद सापडते. या कामाची कुठेही नाही, आणि मला ते खटकतं.

बरं, हे सहा महिनेही जायची वेळ आली होती. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर, एप्रिल २००२ मध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्याने प्रस्ताव मांडला की पर्यटकाला सहा महिने आपोआप देऊ नयेत. कारण पटलं नाही तर ३० दिवसच द्यावेत. तीस दिवसांत बाळंतिणीचा सव्वा महिनाही भरत नाही! तो नियम शेवटी झाला नाही.

‘मग ग्रीन कार्ड का नाही घेत?’ मुलगा नागरिक झाला की आईवडिलांना कोट्याची रांग नसते, हे खरं. पण सरकारी मेडिकेअर विमा विकत घ्यायचा तर वय ६५ आणि सलग पाच वर्षांचा मुक्काम लागतो. शिवाय इकडचं घर, शेत, कुलूप. त्यामुळे कित्येकांनी ये-जाच पत्करली.

मार्च २०२० मध्ये ही ये-जा थांबली. २२ तारखेपासून आपल्याकडे आंतरराष्ट्रीय विमानं उतरायची बंद झाली. वंदे भारतची पहिली विमानं ७ मेला निघाली आणि त्यांतही जागा मोजक्याच. शरद ऋतूत गेलेल्या आजी-आजोबांचे सहा महिने तेव्हा संपत आले होते. मुलं रात्री बसून मुदतवाढीचे अर्ज भरत होती, आणि आजोबा रक्तदाबाच्या इकडून नेलेल्या गोळ्या मोजून डबीत परत ठेवत होते.