पंगत, परम आणि गंमत

आज आपण खराडीत जमलो आहोत. १९९७ मध्ये पुणे महापालिकेत आलेलं हे गाव. आता इथे आयटी पार्कच्या काचांमागे रात्री उशिरापर्यंत कोड लिहिला जातो. पण त्यात गंमत उरली आहे का? म्हणून आपण जरा मागे जाऊ.

अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाली. डॉ. विजय भटकरांच्या चमूने अनेक छोटे प्रोसेसर जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. हे म्हणजे पंगत वाढण्यासारखंच! वाढपी भरपूर असले, तरी भाताआधी वरण येऊन उपयोग नाही. कोणी कोणासाठी थांबायचं, हेच खरं कोडं.

पहिला ट्युरिंग पुरस्कार मिळवणाऱ्या ॲलन पर्लिस यांनी १९८२ मध्ये प्रोग्रॅमिंगवर १३० चटकदार वचनं छापली. एवढा मोठा माणूस, पण स्वतःच्या विद्येला हसू शकत होता.

आपण मात्र गंमत शुक्रवारच्या पार्टीवर ढकलतो. ती कामानंतरची मिठाई नव्हे, मंडळी. कोडं सुटेपर्यंत आपल्याला खुर्चीत धरून ठेवते, ती गंमतच. ती गेली, की उरते फक्त खुर्ची.