व्रणातील एंडोमेट्रिओसिस

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारख्या पेशी शस्त्रक्रियेच्या व्रणात रुजून वाढण्याचा विकार. तो बहुधा सिझेरियननंतर, क्वचित गर्भाशयावरील इतर शस्त्रक्रियांनंतर किंवा प्रसूतीच्या वेळी घेतलेल्या छेदाच्या जागी होतो. शस्त्रक्रियेत अस्तराचे कण जखमेत सांडतात व तेथेच वाढतात, हे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. पाळी आली की या पेशीही सुजतात, त्यांतून रक्तस्राव होतो. म्हणून टाक्यांजवळची गाठ दर महिन्याला ठणकते. ही ठळक खूण. मात्र पुष्कळ रुग्णांत दुखणे पाळीशी जुळत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर काही वर्षे लोटलेली असल्याने संशयही येत नाही. रुग्ण पोटाच्या भिंतीतली गाठ घेऊन बहुधा आधी सर्जनकडे जाते. तेथे हर्निया, गळू किंवा टाक्याच्या धाग्याची गाठ असे निदान होऊ शकते. पाळीबद्दलचा एक प्रश्न येथे मोलाचा ठरतो.

सोनोग्राफी, गरज पडल्यास एमआरआय करतात. पक्के निदान ऊतकपरीक्षेने होते. हार्मोनच्या औषधांनी तात्पुरता आराम पडतो. भोवतालच्या सुमारे 1 सेंमी. निरोगी ऊतकासह गाठ काढणे हा मुख्य उपचार. पोटाच्या भिंतीत मोठी पोकळी राहिल्यास जाळी बसवतात. कर्करोगात रूपांतर अतिविरळ.

हा विकार बहुधा सिझेरियननंतर होत असल्याने त्याचे वाढते प्रमाण लक्षात घ्यायला हवे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण 2015–16 मधील 20.1 टक्क्यांवरून 2019–21 मध्ये 25.4 टक्क्यांवर गेले.