मंद नाडीचा शोध

तंजावरच्या उत्तरेस, कावेरीच्या तीरी, तिरुवैयारु हे पंचनद क्षेत्र आहे. दक्षिणेत नेमणूक झालेला मराठी माणूस एकदा तरी तेथे त्यागराजांच्या समाधीपुढे उभा राहतो. १८४७ च्या जानेवारीत त्यागराज तेथे निवर्तले. त्याच्या आदल्याच वर्षी डब्लिनच्या विल्यम स्टोक्सने मंद नाडीवरील आपला निबंध छापला होता. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही. तथापि लयीच्या या गावी हृदयाच्या लयभंगाचा विचार अस्थानी ठरू नये, असे आम्हांस वाटते.

तंजावरला सरफोजी राजे (कारकीर्द १७९८–१८३२) धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यक एकत्र नांदवीत होते. त्याच काळात, १८२७ साली, डब्लिनच्याच रॉबर्ट ॲडम्सने एका अडुसष्ट वर्षांच्या महसूल अधिकाऱ्याची हकीकत प्रसिद्ध केली. सात वर्षांत त्यास निदान वीस झटके आले, परंतु अर्धांग एकदाही झाले नाही. नाडी मात्र मिनिटास तीसच्या आसपास चाले. यावरून ॲडम्सने ताडले की, मूळ दोष मेंदूत नसून हृदयात असावा. स्टोक्सला पुढे असे दिसले की, मानेतील शिरेचे स्पंदन हृदयाच्या ठोक्यांच्या दुपटीहून अधिक होते.

याचा उलगडा होण्यास बराच काळ लागला. १८९३ मध्ये विल्हेल्म हिसने हृदयाचे वरचे व खालचे कप्पे जोडणारा तंतूंचा जुडगा शोधला. १९०६ मध्ये सुनाओ तवाराने त्याचे मूळ दाखविले. वरून निघालेली आज्ञा याच वाटेने खाली पोहोचते. वाट पूर्ण तुटली की वरचे कप्पे आपल्या गतीने चालतात आणि खालचे स्वतःच्या, बहुधा मिनिटास तीस-चाळीसच्या, गतीने. ही दुय्यम लय सुरू होण्यास विलंब लागला किंवा ती मध्येच खंडित झाली, तर मेंदूचे रक्त तुटते व दहाएक सेकंदांत मनुष्य पांढराफटक पडून कोसळतो. ठोके परतताच चेहरा लाल होतो व तो शुद्धीवर येतो.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोम येथे संपूर्णपणे शरीरात बसविलेला पहिला पेसमेकर आला. त्यामुळे ही व्याधी आता असाध्य राहिलेली नाही. धोका आहे तो तिला फेफरे किंवा अशक्तपणा समजण्यात. आपणांपैकी अनेकांचे आईवडील दूर गावी असतात. त्यांपैकी कोणी अकस्मात कोसळून लगेच सावरले, तर मिनिटभर नाडी मोजावी, आणि ती ठीक भरली तरी हृदयाचा आलेख काढण्यास विलंब करू नये. कारण झटका ओसरल्यावर नाडी पुष्कळदा निर्दोष भासते.